वसई-मोहिमेंतील एक निवेदनपत्र

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, भाईंदरच्या पश्चिमेस, धारावीच्या कोटाचे अवशेष आहेत; त्याच खाडीवर पूर्वेस घोडबंदरचा किल्ला. दोन्ही स्थळें हल्लीं मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतात. १७३७ सालीं मराठे साष्टींत उतरले तेव्हां ठाण्याबरोबर घोडबंदरही त्यांचे हातीं आलें. आणि १७३९ त वसईवर अखेरचा घाव घालण्यापूर्वीं त्यांनीं वेसावें व धारावी घेऊन खाडीचें तोंड आवळलें. हा रणवृत्तांत वाचकांस परिचितच आहे. प्रस्तुत लेखांत विचार करावयाचा तो निराळ्या प्रश्नाचा: ज्याचे आपण ऋणी आहों, त्यास हातीं घेतलेल्या कार्याचा वृत्तांत कसा कळवावा?

धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे पेशव्यांचे गुरु, तसेच सावकारही. १७२७ त सिद्दी सातानें परशुरामक्षेत्र लुटल्यावर ते कोंकण सोडून घाटावर आले. बाजीराव व इतर सरदार त्यांजकडून व्याजानें रकमा घेत. कोणती रक्कम कोणत्या स्वारीस लागली, तो हिशेब येथें करावयाचा नाहीं. परंतु गुरु व धनको एकच असल्यामुळें त्यांस लिहिलेल्या पत्रांस एक विशेष स्वरूप आलेलें आहे. पारसनिसांनीं हा पत्रव्यवहार स्वामींच्या चरित्रासह छापला, आणि राजवाड्यांनीं ‘साधनां’च्या तिसऱ्या खंडांत स्वामींच्या थोरवीची कठोर परीक्षा केली. त्या वादांत पत्रांची लेखनरीति मात्र दुर्लक्षित राहिली.

या पत्रांत दोन जाती स्पष्ट दिसतात. एक बाजीरावाच्या प्रसिद्ध पत्राची. सावकार व शिलेदार यांच्या पायां पडून कपाळाचें कातडें झिजलें, अशा आशयाचें तें पत्र ग्रँट डफनेंही उद्धृत केलें आहे. त्यांत कळकळ आहे, परंतु पैसा कोठें गेला याचा उलगडा नाहीं. तें गाऱ्हाणें आहे, निवेदन नव्हे.

दुसरी जात चिमाजी आप्पांनीं वसई घेतल्यावर स्वामींस लिहिलेल्या पत्राची. वसईचा तह १६ मे १७३९ रोजीं झाला. इंग्रजी पुस्तकांत हीच तारीख ५ मे अशी आढळते, कारण इंग्रजांकडे १७५२ पर्यंत जुनी गणना चालू होती. किल्ला मिळाला एवढीच वार्ता एका ओळींत कळविली असती तरी स्वामी संतुष्ट झाले असते. आप्पांनीं तसें केलें नाहीं. बुरुजाखालीं सुरुंग घातले. कांहीं उडाले, तटास खिंडार पडलें, आणि लोक एल्गार करून आंत घुसले. तोंच मागें राहिलेला सुरुंग उडाला व आपलेच लोक त्याखालीं सांपडले. हल्ला मोडला, आणि पुन्हां चढाई करावी लागली. हा सारा अपयशाचा भाग विजयाच्या पत्रांत क्रमानें आलेला आहे. डफच्या मतें मराठ्यांच्या स्वतःच्याच गणतीनें मृत व जखमी मिळून ५,००० हून अधिक झाले, फिरंग्यांचे ८००. एवढी किंमत पडली असतां ती कां पडली हें सांगणें प्राप्तच होतें. आमचे मत असें कीं, आप्पांस हें पक्कें ठाऊक होतें: पुढील स्वारीस ज्याच्या दारीं पुन्हां जावयाचें, त्यास बिघडलेला सुरुंग दुसऱ्याच्या तोंडून कळूं देऊं नये. हल्लींच्या संस्था देणगीदारांस जे वार्षिक वृत्तांत पाठवितात, त्यांत बहुधा सर्व सुरुंग वेळेवरच उडालेले असतात. म्हणूनच ते वृत्तांत कोणी जपून ठेवीत नाहीं.

तथापि अशा पत्रास एकट्यासच प्रमाण मानूं नये. यश स्वामींच्या आशीर्वादानें आलें, हें म्हणणें गुरूस लिहितांना ठराविकच. त्यावरून मोहिमेवर स्वामींचें वजन किती होतें हें ठरत नाहीं. सरदेसायांनीं पेशवे दप्तराच्या १६ व्या खंडांत छापलेलीं छावणींतील पत्रें शेजारीं ठेवलीं पाहिजेत. तेथें दारूगोळा, माणसें व पैसा यांची निकड त्या त्या दिवशींची आहे. विजयानंतरच्या निवेदनांत तीच निकड शेवट ठाऊक असलेल्या हातानें लावली जाते. दोहोंत तफावत दिसल्यास लेखकास खोटा म्हणण्याची घाई नको. धन्यास काय सांगावें व काय गाळावें, याचा निर्णय त्या तफावतींतच सांपडतो.

यासाठीं संग्राहकांस एक विनंती आहे. मोडी पत्रें विकतां-घेतांना किंवा चिकटवून ठेवतांना मजकुराकडेच लक्ष दिलें जातें आणि पाठीवरील पैवस्तीची नोंद, मायना व जोडलेली याद झिजून वा कापली जाऊन नाहींशी होते. पत्र लिहिल्याची तिथि लेखक देतो. तें पोंचलें केव्हां हें पैवस्तीच सांगते. निवेदन धनकोच्या हातीं पडलें तेव्हां त्यास ती वार्ता आधींच लागली होती कीं काय, हें त्या एका ओळीवांचून कळण्यास दुसरा मार्ग नाहीं. साष्टी, उत्तन, डोंगरी या बाजूस कोणाच्या घरीं जुने कागद असतील, तर त्यांनीं ते पाठीसकट उतरवून घ्यावेत.