स्वच्छमंडलातील पेशींची गणना : मानवी नजरेपासून संगणकापर्यंत

प्रस्तावना
डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक भागास स्वच्छमंडल अर्थात कॉर्निया म्हणतात. त्याच्या आतील पृष्ठभागावर बहुतांशी षट्कोनी पेशींचा एकच थर असतो. हा अंतःस्तर स्वच्छमंडलात शिरणारे पाणी सतत बाहेर काढून त्याची पारदर्शकता टिकवितो. मानवात या पेशींची झीज नव्या पेशींनी भरून निघत नाही. शेजारच्या पेशी पसरून रिकामी जागा व्यापतात. निरोगी प्रौढात दर चौरस मिलिमीटरमध्ये साधारणतः २५०० ते ३००० पेशी आढळतात. ही संख्या ५०० च्या आसपास उतरल्यास सूज येऊन दृष्टी अंधूक होण्याचा धोका असतो. म्हणूनच या गणनेच्या इतिहासाचा विचार महत्त्वाचा ठरतो.

गणनेचा विकास
१९११ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ अलवार गुलस्ट्रांड यांनी स्लिट लॅम्प हे उपकरण सादर केले. त्याच्या साहाय्याने, परावर्तित प्रकाशात, स्विस नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड फोग्ट यांनी १९२० च्या सुमारास जिवंत मानवी डोळ्यातील या पेशींचे निरीक्षण केले. १९६८ मध्ये डेव्हिड मॉरिस यांनी प्रयोगशाळेसाठी स्पेक्युलर सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. १९७५-७६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी रुग्णांच्या डोळ्यांतील पेशींची छायाचित्रे घेण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या. मात्र छायाचित्रावर चौकट आखून एकेक पेशी मोजणे हे वेळखाऊ काम होते आणि मोजणाऱ्यागणिक उत्तर बदलत असे.

पुढे हे काम संगणकाकडे सोपविण्याचे प्रयत्न झाले. आरंभीच्या प्रणालींत पेशींच्या अस्पष्ट सीमा माणसालाच दुरुस्त कराव्या लागत. २०१५ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील संशोधकांनी जैववैद्यकीय प्रतिमांसाठी यू-नेट ही चेताजाल रचना मांडली. २०१८ मध्ये पोलंडच्या आना फाबियान्स्का यांनी तिचा उपयोग स्वच्छमंडलाच्या प्रतिमांतील पेशीसीमा शोधण्यासाठी केला. परंतु अशा चेताजालाला शिकविण्यासाठी वापरलेल्या सीमारेषा माणसानेच आखलेल्या असतात. मानवी निर्णय त्यामुळे नाहीसा झाला नाही. त्याचे स्थान तेवढे बदलले.

मर्यादा
स्वच्छ प्रतिमांत यंत्राचे काम समाधानकारक होते. फुक्सच्या विकारात मात्र अंतःस्तरावरील गाठींमुळे प्रतिमेत काळे डाग पडतात आणि पेशी झाकल्या जातात. अशा वेळी केवळ स्पष्ट दिसणारा भाग मोजल्यास पेशींची घनता वास्तवापेक्षा अधिक भासू शकते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा दात्याच्या स्वच्छमंडलाची निवड यांसारखे निर्णय ठरविताना हा आकडा विचारात घेतला जातो. म्हणजे अचूक गणनेची गरज जेथे सर्वाधिक, तेथेच ती सर्वांत अवघड असते.

निष्कर्ष
गणनेच्या या प्रवासात वेग वाढला, श्रम घटले. पण 'पेशीची सीमा कोणती' हा मूळ प्रश्न कायम राहिला. म्हणून अहवालात केवळ घनता न देता किती पेशी मोजल्या आणि कोणत्या प्रतिमेवरून मोजल्या, याचीही नोंद असणे आवश्यक ठरते.