मिरजेची कानस

मिरजेच्या तंबोऱ्याची गोष्ट सांगताना लोक राजाश्रयापासून सुरुवात करतात. मी ती दुरुस्तीपासून सांगते. मिरजेतल्या फरीदसाहेबांचं घराणं शिकलगारांचं. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार आणि झिलई देणं हे पिढीजात काम. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, इंग्रजांचा अंमल बसला आणि हत्यारांचा धंदा आटत गेला. त्याच गावात पटवर्धन संस्थानिकांकडे गवई-वादकांची ये-जा असे. त्यांची वाद्यं दूरदेशीची. भोपळा तडकला, खुंटी ढिली पडली, तर ती घेऊन जायचं कुणाकडे? कानस ज्याच्या हातात बसलेली आहे त्याच्याकडे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी मोडकी वाद्यं उघडून जोडली आणि मग स्वतःची घडवायला घेतली. पुढे घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. दुसऱ्याचं वाद्य उघडणाऱ्याला ते घडवणाऱ्याचा प्रत्येक निर्णय दिसतो. दांडी इथे एवढी जाड का ठेवली, तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, इथेच का दबली, हे मोडलेलं वाद्य जितकं सांगतं तितकं नवंकोरं सांगत नाही.

मी सांगलीत गाणं शिकवते आणि माझा तंबोरा जवारीसाठी, म्हणजे घोडी घासून नाद खुलवून घ्यायला, मिरजेला नेते. सतारमेकर गल्लीतले माझे कारागीर, मी त्यांना चाचा म्हणते, वाद्य मांडीवर घेतल्यावर आधी कानस उचलत नाहीत. “बाई, गाऊन दाखवा,” म्हणतात. मी षड्ज लावते. मग ते तारा छेडतात, पुन्हा छेडतात, आणि बराच वेळ काहीच करत नाहीत.

तंबोऱ्याचा सगळा जीव घोडीत, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीत, असतो. घोडीचा माथा दिसतो सपाट, पण त्याला अगदी हलकी गोलाई असते. तार कंप पावताना त्या उतारावर निसटती घासत राहते, म्हणून एका स्वरातून अनेक स्वर फुटतात. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवला की तो नाद उमलतो. कानशीचा एक हात जास्त पडला तर आवाज चरचरतो, कमी पडला तर मुका राहतो. आणि घासलेलं परत भरून येत नाही. म्हणून चाचा दोन हात घासतात, तार चढवतात, ऐकतात, तार उतरवतात, परत दोन हात. कुणाला खुली जवारी हवी, कुणाला बंद. वयाबरोबर माझा आवाज पेटीवरच्या काळी पाचवरून काळी चारवर उतरला, तेव्हा जवारीही बदलावी लागली. तारा ढिल्या करून भागलं नाही.

आयुष्यभर तंबोरेच करणाऱ्या माणसाला कंटाळा कसा येत नाही, याचं उत्तर मला भोपळ्यात सापडलं. तो मंगळवेढा-पंढरपूरच्या बाजूच्या शेतांतून येतो, खायच्या भोपळ्यापेक्षा कडू आणि जाड सालीचा. वेलावर पुरता पिकू देतात आणि कडक वाळवतात. मग तोंड कापून, पाण्यात भिजवून, गर-बिया काढून आतून काड्यांचा आधार देत आकार धरायला ठेवतात. दोन भोपळे एकसारखे येत नाहीत. घेर, सालीची जाडी, बाक सगळं वेगळं. त्यामुळे तुणाच्या लाकडाची दांडी किती, तबली केवढी, हे दर वेळी नव्यानं ठरवावं लागतं. सामानच तेच-ते करू देत नाही.

शिवाय ऐकणारे कान गावातच होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत गाणं शिकवत. फटाक्यानं डोळे अधू झालेले विष्णु दिगंबर पलुसकर इथेच त्यांच्याकडे शिकले आणि 1896 मध्ये बाहेर पडले. अब्दुल करीम खाँसाहेब इथे स्थायिक झाले. त्यांना वाद्यांची दुरुस्ती स्वतःच्या हातानं करायची आवड होती, हे मी माझ्या शिष्यांना आवर्जून सांगते. त्यांच्या गाण्यातला तो सुरेल, तासलेला स्वर आणि घोडीवर वाकलेला कारागीर मला वेगळे काढता येत नाहीत. 1937 मध्ये ते गेले; मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात गवई तिथे हजेरी लावतात. कारागिरानं चूक केली तर दुसऱ्या दिवशी गवई दारात उभा, अशी ती वस्ती होती. चांगलं काम होण्यासाठी असा शेजार लागतो, असं माझं ठाम मत आहे.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मला मनापासून आनंद झाला. पण मानांकन नावाचं रक्षण करतं; कानस धरणारी पोरं त्यानं आपोआप तयार होत नाहीत. गल्लीतली मुलं दुसरे मार्ग धरतात आणि त्यांना मी दोष देणार नाही. दोष आमच्याकडे, शिकवणाऱ्यांकडे येतो. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचं बटण दाबलं की स्वर तयार मिळतो, लावावा लागत नाही. जो कान स्वर लावत नाही तो घोडीतला फरक ओळखणार नाही, आणि ओळखणारं गिऱ्हाईक नसेल तर दोन हात घासून थांबायचं चाचांना काय कारण उरतं?

म्हणून माझ्याकडे शिकवणी तंबोरा जुळवण्यापासून सुरू होते, मग त्यात निम्मा तास गेला तरी चालेल. आणि दर चातुर्मासात मी माझी पाठांची जुनी वही काढते. यमन, भूप, भीमपलास, वर्षानुवर्षं जसे शिकवत आले त्यातला एक पाठ पूर्ण उघडते. ही तान इथे का ठेवली, हा आलाप मुलांना इथेच का अडतो, ते पाहते आणि बिघडलेलं तेवढंच घासते. यंदा भीमपलास घेतला आहे. अवरोहातला धैवत मुली घाईनं ओलांडतात. आधी माझ्या पाठातच तिथे थांबायला जागा नव्हती, ती आता केली आहे.