तळटीप : फर्ग्युसन ट्रॅक्टरवरील साखळ्या आणि पट्ट्या

* ग्रंथकाराने साखळ्या व पट्ट्या यांचा उल्लेख येथे एका दमात केला असला, तरी दोहोंचे प्रयोजन भिन्न आहे. हॅरी फर्ग्युसन यांच्या ज्या तीन-बिंदू जोडणीने १९३९ च्या फोर्ड ९एनला आणि १९४६ पासून कॉव्हेंट्रीत निघालेल्या टीई-२० ला कीर्ती मिळवून दिली, तिच्यातील खालचे दोन दांडे ट्रॅक्टरकडे जाताना एकमेकांजवळ येत असल्यामुळे, मातीतला नांगर क्षणभर बाजूला सरकला तरी ओढीच्या बळावर तो स्वतःच मध्यावर परततो. सबब नांगराला आडव्या हालचालीची मुभा हवीच. साखळ्यांनी दांडा चाकाला घासू नये एवढाच बंदोबस्त करावयाचा. याउलट माती सारणारे पाते अथवा मालाची पेटी हेलकावू लागली, की चालकाची त्रेधा उडते, म्हणून तेथे ताठ लोखंडी पट्ट्यांची तजवीज. तथापि पट्टीची पुढची पिन दांड्याच्या पुढच्या पिनेशी एकाच आडव्या रेषेत नसेल, तर अवजार उचलले जाताना पट्टी अडते आणि अखेर वाकते. नांगर जोडण्यापूर्वी मात्र पट्ट्या अवश्य उतरवाव्यात.