उद्याच्या यानात कालची कॅसेट

मंडळी, आजचा विषय ऐकून एका ज्येष्ठ श्रोत्यांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "इतिहासाच्या व्याख्यानात तेविसावं शतक कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण टीव्हीवर पाहिलेला तो भविष्यकाळ आता चाळीस वर्षं जुना झालाय. जुनी वस्तू म्हटली की ती आमच्या ताब्यात आली!

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका मूळची १९६६ ते १९६९ मधली. आपल्याकडे ती आली ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी. वरळीचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं, पण लालबागच्या आमच्या चाळीत तोपर्यंत मजल्यावर एक-दोनच संच. लाकडी खोक्याचे, सरकत्या दारांचे. ज्यांच्या घरी संच, त्यांच्या उंबऱ्यापासून गॅलरीपर्यंत पोरं. काहींनी काचेवर निळा-पिवळा-हिरवा प्लॅस्टिकचा कागद लावलेला, म्हणजे 'रंगीत'. त्यात कॅप्टन कर्कचं डोकं निळं आणि पाय हिरवे दिसायचे.

याची गंमत मला फार उशिरा कळली. त्या मालिकेत कामाप्रमाणे सदरे: पिवळे, निळे, लाल. मूळ वाहिनी एनबीसी, तिची मालक कंपनी आरसीए, आणि आरसीए रंगीत संच विकत होती. म्हणजे सदरे भडक असण्यात धंद्याचाही भाग होता. लाल सदरेवाला परग्रहावर उतरला की त्याचं बहुधा काही खरं नसायचं, हे अमेरिकेतल्या पोरांना पाठ. आमच्याकडे सगळेच करडे, त्यामुळे प्रत्येक मरण अनपेक्षित. (हशा)

आता विसंगतींकडे येऊ. माणूस क्षणात यानातून ग्रहावर पोचतो, पण कॅप्टनपुढे एक बाई पाटीसारखं यंत्र घेऊन येते आणि तो लेखणीनं सही करतो. तेविसाव्या शतकातही साहेबांची सही सुटलेली नाही! माहिती साठवायला रंगीत चौकोनी वड्या, एकेक यंत्रात सरकवायची. का? फिलिप्सची कॅसेट बाजारात आली १९६३ साली. लेखकांनी डोळ्यांसमोरची नवी वस्तू उचलली आणि तीनशे वर्षं पुढे नेली. त्याच मालिकेच्या १९८७ ते १९९४ च्या दुसऱ्या अवतारात हातात मावणारे सपाट पडदे आले. चांगली कल्पना. पण टेबलावर त्यांची चळत! एका पडद्यावर एकच अहवाल, दुसऱ्यासाठी दुसरा पडदा. मनातली फाईल गेलेली नव्हती, नुसतं पुठ्ठ्याचं प्लॅस्टिक झालं.

अशा चुका काढून हसणं सोपं आहे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. जुनं आणि नवं एकत्र दिसणं ही मुळात चूकच नाही. १९८५ सालचं लालबाग डोळ्यांपुढे आणा. एका मजल्यावर टीव्ही, खाली रेडिओवर विविध भारती, कुणाकडे चावीचा फोनो, शनिवारी रात्री मृदंग आणि टाळ. भारतमातेला सिनेमा, परळच्या दामोदर हॉलला कामगारांचं नाटक. गणपतीत भाड्याचा व्हीसीआर, आणि विसर्जनाला बेंजो. यातलं एक आलं म्हणून दुसरं लगेच गेलं, असं झालं नाही. इकडे गिरगावात १९११ च्या 'मानापमाना'ची पदं आजही ऐकायला माणसं येतात. तेव्हा यानात जुनी लेखणी असेल तर असू दे. १९६७ च्या एका भागात तर संगणक बाजूला सारून छापील पुस्तकांतच रमणारा वकील आहे. तो मला सगळ्यात खरा वाटतो.

खोटं वाटतं ते दुसरंच. दुसऱ्या अवतारात कॅप्टनला मोझार्ट आणि शेक्सपिअर, त्याचा सहकारी जॅझ वाजवणार, यंत्रमानव शेरलॉक होम्स होऊन खेळणार. आवडतं ते सगळं आपल्याच काळातलं किंवा त्याआधीचं. मधल्या चारशे वर्षांत कुणी एक लोकप्रिय गाणं केलंच नाही? याचं कारण व्यवहाराचं असणार. जुन्या कलाकृतींचे हक्क बहुतेक मोकळे, प्रेक्षकाला ओळख पटते, आणि नसलेली चाल रचून ती थोर आहे हे पटवणं महाकठीण. पण त्यामुळे झालं काय, तर भविष्याला बेंजोच उरला नाही. नुसती अभिजात मैफल.

आमच्या शेजारचे एक काका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झालं. चाळीत नवा काळ पडद्यावर येत होता आणि हातातलं काम जात होतं. काकांना इंग्रजी येत नसे, तरी रविवारी दाराशी उभे राहून बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, "एवढी माणसं यानावर, पाळी किती तासांची रे? आणि सुटल्यावर करतात काय?" आम्ही पोरं हसलो.

उत्तर खरं तर मालिकेतच होतं. १९६६ च्या एका भागात सगळे एका खोलीत जमलेत, कुणी पत्ते खेळतंय, स्पॉक तंतुवाद्य छेडतोय, उहुरा त्याचीच थट्टा करणारं गाणं म्हणतेय. पाळी सुटल्यावरचा भजनाचा फडच तो. वीस वर्षांनी दुसऱ्या यानात हवं ते जग उभं करणारी खोली आली. मैफली तिथेही होतात, नाही असं नाही, पण त्या खोलीत आपापलं जग निवडून, आपल्याला हवी तेवढीच माणसं घेऊन जायचं. साधारण त्याच सुमाराला आमच्या मजल्यावर घरोघरी संच आले आणि उंबऱ्यावरची गर्दी ओसरली.

काकांचा संप कधी रीतसर मिटलाच नाही. ते गावी, कोकणात गेले. जाताना मृदंग मंडळाला देऊन गेले.

१९८८ च्या एका भागात तो यंत्रमानव सांगतो की टेलिव्हिजन हा प्रकार २०४० नंतर फार टिकला नाही. आमच्या मंडळाच्या खोलीत आज एक मोठा सपाट टीव्ही भिंतीवर आहे. त्याच्या खाली, कपाटावर, खोळीत घातलेला तो मृदंग. गेल्या गणपतीत शाई नव्यानं भरून आणला. वाजवणारा पोरगा चाल मोबाईलवर ऐकून शिकलाय.