म्हातारपणीची भाकरी कुणाच्या नावावर?



मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि विषय निघाला म्हातारपणाचा. एक जण म्हणाली, "माझं काय, दोन पोरं हायेत." शेजारी बसलेल्या सत्तरीच्या मावशी हसल्या. म्हणाल्या, "मला चार हायेत. तीन-तीन महिन्यांची पाळी लावलीया. पिशवी भरलेलीच असती माझी." त्यावर कुणीच काही बोललं नाही. घरी जाताना मात्र आम्हाला प्रश्न पडला, की आपल्या आज्या-पणज्यांचं म्हातारपण कशावर निघायचं? मग आम्ही शोध घ्यायला लागलो. जे हाती लागलं ते आज सांगतो.

पेन्शन ही साहेबाची देणगी, असं आम्हाला वाटायचं. पण पेशवाईच्या कागदांत 'बालपरवेशी' असा शब्द सापडतो. लढाईत शिपाई पडला की त्याच्या मागे राहिलेल्या लेकराबाळांना सरकारातून नेमणूक मिळायची, ती बालपरवेशी. दुसरा शब्द आपल्या ओळखीचा आहे, चोळी-बांगडी. लेकीबहिणींच्या खर्चासाठी जमिनीचा तुकडा किंवा त्याचं उत्पन्न लावून द्यायचे, त्याला हे नाव. हे मोठ्या घरांतलं. बाकीच्या बायकांपाशी अंगावरचं डोरलं, पायातल्या तोड्या आणि पोटचा पोरगा, एवढंच. डोरलं दुष्काळात सावकाराकडे जायचं, आणि पोरगा... मावशींची पिशवी तुम्ही ऐकलीतच.

नवरा मेला तर? एकत्र कुटुंबात विधवेला पोटापुरतं मिळे, वाटा मिळत नसे. १९३७ साली डॉ. गो. वि. देशमुखांच्या प्रयत्नानं कायदा झाला आणि विधवेला मुलाइतका हिस्सा मिळाला. पण त्यात मेख होती. तो हिस्सा फक्त तिच्या हयातीपुरता. आपल्या मर्जीनं विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. ती गेली की तो परत नवऱ्याच्या वारसांकडे. राखण तिची आणि मालकी दुसऱ्याची, असाच तो प्रकार.

ही मेख काढायला १९५६ उजाडावं लागलं. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून १९५१ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं, त्याच बिलाचा एक तुकडा पुढे हिंदू वारसा कायदा म्हणून आला. बाईच्या ताब्यातली मालमत्ता आता तिच्या पूर्ण मालकीची झाली. बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत लेकीला लेकाइतका वाटा मिळाला. वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हक्क मात्र मुलांचाच राहिला. महाराष्ट्रानं तो १९९४ मध्ये मुलींनाही दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या. म्हणजे आमच्यातल्या निम्म्याअधिक जणी बाहेरच. सगळ्या देशासाठी २००५ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा लग्नाची अट गेली. बाप २००५ च्या आधी वारला असला तरी लेकीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. आधीच रीतसर झालेल्या वाटण्या मात्र त्यानं मोडत नाहीत.

कायदा झाला, पण आम्ही काय केलं? भावानं तालुक्याला नेलं, चहा पाजला, हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि साडी दिली. माहेर तुटू नये म्हणून केलं, आणि त्याला आम्ही कुणाला नावं ठेवणार नाही. पण त्या दिवशी आपण काय सोडून आलो, त्याचा हिशेब आपल्यापैकी कुणीच केला नव्हता.

नवऱ्याच्या जमिनीची गोष्ट वेगळी, आणि ती सांगायला आम्हाला आवडते. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन भरलं. बायका लाखांनी आल्या, कडेवर पोरं घेऊन. त्यानंतर चारेक वर्षांत शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, की शेतकऱ्यानं जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावावर करावा. ज्या गावात शंभर घरांनी असं केलं, त्या गावी ते स्वतः जात. कोर्ट नाही, भांडण नाही. पुरुषांनी आपणहून दिलं, बायकोचं देणं फेडावं तसं. पुढे १९९२ मध्ये सरकारनंही, नवऱ्यानं अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. ती सोय आजही आहे. आमच्यातल्या किती जणींना ठाऊक होती? एकीलाही नाही.

आता रोख पैशाचं. नोकरदारांसाठी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्येच आला. खुरपं धरणारीचा तिथं विचार नव्हता. राज्यात १९८० पासून संजय गांधी निराधार योजना आली. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्रानं निराधार वृद्धांना पेन्शन सुरू केली, महिना ७५ रुपये. २००६ मध्ये ती २०० झाली आणि ऐंशीच्या आतल्यांसाठी केंद्राचा वाटा तेवढ्यावरच थांबला. राज्य भर घालतं म्हणून श्रावणबाळचे २०२३ पासून १५०० झाले. पण त्यासाठी वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागायचा. आयुष्यभर राबलेल्या बाईनं 'मी निराधार आहे' असं लिहून द्यायचं, हे आम्हाला नेहमी टोचतं.

२०१५ ची अटल पेन्शन यात वेगळी, कारण ती आपल्या पैशाची आहे. साठीनंतर महिना १००० हवे असतील तर अठराव्या वर्षी सुरू करणारीला महिना ४२ रुपये पडतात. तिशीत ११६, चाळिशीत २९१. चाळिशीनंतर दार बंद. आपण गेलो तर नवऱ्याला तेवढंच मिळतं, आणि नवऱ्याचं खातं असेल तर आपल्याला. उशीर किती महाग पडतो ते या आकड्यांत दिसतं. तरी खरं सांगायचं तर वीस-बावीस वर्षांनी हजार रुपयांत किती ज्वारी येईल, याची आम्हाला धास्ती वाटते. म्हणून एकट्या पेन्शनवर भिस्त ठेवू नका. जमिनीत नाव हवं आणि आपल्या खात्यात पैसाही हवा.

खात्यावरून आठवलं. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायला परवानगी मागितली, तेव्हा कागदावर अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेनं अर्ज फेटाळला. त्या घरी येऊन शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुम्हीही यंत्राशिवाय करून दाखवा. १९९७ मध्ये त्यांची माणदेशी बँक उभी राहिली.

या बैठकीला आम्ही सगळ्यांना घरचा सातबारा आणायला सांगितला होता. पंधरापैकी अकरा जणींनी आणला. त्यांत आपलं नाव सापडलं दोघींना, आणि दोघीही विधवा. मावशींनी आपला कागद चष्म्याजवळ धरून बराच वेळ पाहिला. चारही मुलांची नावं होती आणि शेवटच्या ओळीत त्यांचंही. म्हणजे दोन नाही, तीन निघाल्या. "मंग ही पाळी कोण लावणार?" त्यांनी विचारलं. पुढच्या सोमवारी त्यांच्याबरोबर तलाठ्याकडे आम्ही पाच जणी जाणार आहोत. कुणाला यायचं असेल तर आधार कार्ड आणि जुना उतारा घेऊन दहाच्या एस.टी.ला स्टँडवर थांबा.