कलपाच्या खोक्यावरील इशारा

कलपाच्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेले असते की, हा कलप पापण्यांना किंवा भुवयांना लावू नये, लावल्यास अंधत्व येऊ शकते. केसांच्या रंगाच्या वेष्टनावर डोळ्यांचा हा उल्लेख कोठून आला, याचे उत्तर १९३३च्या अमेरिकेत सापडते.

या कलपांचा आधार म्हणजे पॅरा-फिनिलिनडायअमाइन हे दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांतून बनवलेले संयुग. त्याचे लहान, रंगहीन रेणू केसांत शिरतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन असे मोठे रंगीत रेणू तयार होतात की, ते केस धुतले तरी बाहेर पडत नाहीत. मात्र हेच संयुग त्वचेतील प्रथिनांशीही जोडले जाते आणि काहींच्या शरीरात ॲलर्जी निर्माण करते. पहिल्या खेपेस काहीच जाणवत नाही, पुढच्या एखाद्या खेपेस मात्र चेहरा सुजतो. पॅरिसमध्ये १९०९ साली युजेन श्वेलर यांनी काढलेल्या कलपांच्या कंपनीच्या नावातच ‘निरुपद्रवी’ हे विशेषण होते, यावरून त्या काळच्या कलपांची कीर्ती काय असावी हे कळते.

१९३३च्या सुमारास याच संयुगाच्या ‘लॅश ल्युअर’ या पापण्यांच्या रंगामुळे अनेक स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, एकीचा तर मृत्यू ओढवला. परंतु १९०६च्या अमेरिकी कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेशच नसल्याने सरकारला तो माल जप्त करता येईना. अखेर १९३८च्या नव्या कायद्याने तो अधिकार दिला आणि लॅश ल्युअर बाजारातून हटले. त्याच कायद्याने डोक्याच्या केसांच्या डांबरजन्य कलपांना मात्र, वेष्टनावर इशारा आणि आधी त्वचेवर चाचणी करण्याची सूचना असल्यास, सूट दिली. म्हणजे निर्मात्याची जबाबदारी छापील ओळींच्या आधाराने वापरणाऱ्याच्या माथी आली.

भारतात १९४०चा औषध कायदा १९६२च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनांना लागू झाला आणि पुढे या संयुगाच्या कलपांसाठी जवळजवळ त्याच शब्दांतला इशारा नियमांत आला. युरोपीय संघाने केसांवर लावताना या संयुगाचे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे, आणि त्वचेवर थेट लावण्यास तेथे व अमेरिकेत मुभा नाही. तरीही लग्नसराईत ‘काळी मेंदी’ हातांवर चढते. मेंदीच्या पानातील लॉसोन हे रंगद्रव्य त्वचेला तांबूस-तपकिरी रंगच देते. तासाभरात गडद काळी उठणारी मेंदी ही बहुधा कलपातल्या याच रसायनाची करामत असते.