पापनिवेदन आणि रंगभूमी : आयर्लंडच्या स्वगतनाट्यांचा मागोवा

१९७९ सालच्या एप्रिल महिन्यात न्यूयॉर्कच्या लाँगएकर थिएटरात ‘फेथ हीलर’ हे नाटक रंगभूमीवर आले. मुख्य भूमिकेत जेम्स मेसनसारखा ख्यातनाम चित्रपट-अभिनेता होता आणि नाटककार ब्रायन फ्रील हे आयर्लंडचे मान्यवर लेखक होते. तरीही अवघ्या २० प्रयोगांत ते बंद करावे लागले. पुढच्याच वर्षी डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरने तेच नाटक जो डाउलिंग यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले, डोनल मॅकॅन यांनी नायकाची भूमिका केली, आणि आज त्याची गणना विसाव्या शतकातील श्रेष्ठ आयरिश नाटकांत होते. संहिता तीच होती. मग न्यूयॉर्कला जे रुचले नाही ते डब्लिनला कसे भावले? नटाचा फरक मोठा होताच. परंतु माझ्या मते डब्लिनच्या प्रेक्षकाला आणखी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची होती. अर्ध्या अंधारात एकाने बोलायचे, दुसऱ्याने मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, हा प्रकार त्याला नवा नव्हता.

कारण या नाटकात संवाद नाहीतच. आहेत ती चार दीर्घ भाषणे. पात्रे तीन, आणि ती रंगमंचावर एकमेकांना कधीही भेटत नाहीत. प्रत्येक जण एकटा येतो, प्रेक्षकांशी बोलतो आणि निघून जातो. आपल्या मराठी वाचकाला येथे ‘दिवाकरां’ची (१८८९–१९३१) आठवण होणे साहजिक आहे. ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या स्वगतांवरून प्रेरणा घेऊन त्यांनी नाट्यछटा लिहिल्या, आणि शाळेच्या संमेलनात त्या म्हटल्या नाहीत असे आपल्यापैकी फार थोडे असतील. पण नाट्यछटेतील बोलणाऱ्यासमोर बहुधा कोणी तरी अदृश्य माणूस असतो. त्याचे शब्द आपल्याला ऐकू येत नाहीत, ते आपण ओळखायचे असतात. आयरिश स्वगतात समोर दुसरा कोणी नसतो. समोर आपणच असतो.

यामागचा इतिहास ख्रिस्तसभेच्या इतिहासाशी गुंतलेला आहे. आरंभीच्या शतकांत घोर पापांचे प्रायश्चित्त जाहीरपणे आणि सर्वसाधारणपणे आयुष्यात एकदाच घेतले जाई. सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठवासींनी खासगी आणि पुन्हा पुन्हा करता येणाऱ्या पापनिवेदनाची रीत रुजवली. कोणत्या पापाला किती उपवास, किती प्रार्थना, याच्या पुस्तिकाही त्यांनी रचल्या. संत कोलंबान आणि त्यांच्यासारखे भटके मठवासी ही रीत युरोपच्या मुख्य भूमीवर घेऊन गेले. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक श्रद्धावंताला वर्षातून निदान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. मधल्या जाळीसह पापनिवेदनाची बंदिस्त लाकडी जागा तर सोळाव्या शतकातील, मिलानच्या संत चार्ल्स बोरोमिओ यांच्या काळातली. म्हणजे धर्मगुरूच्या कानात आपण जे सांगतो, त्या परंपरेचे एक उगमस्थान आयर्लंडच्या मठांत आहे.

यावरून तेथील स्वगतनाट्य थेट पापनिवेदनातून जन्मले असे म्हणणे अर्थातच अतिशयोक्तीचे होईल. शेकोटीभोवती बसून कथा सांगणाऱ्या आयरिश कथेकऱ्यांचे ऋण तितकेच मोठे आहे. शिवाय ज्या दोन नाटककारांनी या प्रवाहाला वळण दिले ते सिंग आणि बेकेट, दोघेही प्रॉटेस्टंट घराण्यांतले. परंतु ज्या समाजाची माणसे त्यांनी रंगवली, त्या समाजाच्या बोलण्याची लय त्यांनी अचूक हेरली होती.

जॉन मिलिंग्टन सिंग यांची ‘रायडर्स टू द सी’ ही एकांकिका २५ फेब्रुवारी १९०४ रोजी डब्लिनमध्ये प्रथम झाली. पश्चिमेकडील अ‍ॅरन बेटांवरील मोर्या या वृद्धेचा सासरा, नवरा आणि सहाही मुलगे समुद्राने नेले. एका लहानशा घरात, जेमतेम अर्ध्या तासात हे सारे घडते. शेवटी ती मुलाच्या देहावर पवित्र पाणी शिंपडते आणि बोलू लागते. त्या बोलण्यात आक्रोश नाही. आता समुद्र माझे आणखी काही नेऊ शकणार नाही, अशी थकलेली शांतता आहे. तरुण धर्मगुरूने दिलेला दिलासा खोटा ठरल्याचे तिला आधीच कळलेले असते, आणि तरीही हातात पवित्र पाणी असते. उत्तन किंवा पाचूबंदरच्या कोळी कुटुंबांना हे घर परके वाटणार नाही.

सॅम्युअल बेकेट (१९०६–१९८९) यांनी तर बोलणारा आणि ऐकणारा यांनाच विषय केले. ‘क्रॅप्स लास्ट टेप’ लंडनमध्ये १९५८ साली रंगभूमीवर आले. ६९ वर्षांचा एक म्हातारा वाढदिवशी, ३९व्या वर्षी आपल्याच आवाजात ध्वनिमुद्रित केलेली फीत ऐकत बसतो. निवेदन करणारा तोच, ऐकणारा तोच. क्षमा करणारा मात्र कोणी नाही. १९७२ सालचे ‘नॉट आय’ याहून कठोर. पूर्ण अंधारात केवळ एका स्त्रीचे तोंड दिसते आणि त्यातून शब्दांचा लोंढा वाहत राहतो. सांगते ती स्वतःचीच कहाणी, पण ‘मी’ हा शब्द उच्चारायला ती नकार देते. दर वेळी ‘ती, ती’ असेच म्हणते. पापनिवेदनाची पहिली अट ‘मी’ म्हणण्याची असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या अंगावर या नकाराने काटा येईल. बाजूला झगा पांघरलेली एक मूक आकृती उभी असते. तिला बेकेट यांनी ‘ऐकणारा’ एवढेच नाव दिले आहे. चार वेळा ती हात किंचित उंचावते आणि खाली सोडते, दर वेळी अधिक क्षीणपणे. करुणा आहे, पण मुक्ती देण्याचा अधिकार नाही. ही आकृती पुढे अनेक प्रयोगांत गाळली गेली. मला तो तोटा वाटतो.

ब्रायन फ्रील (१९२९–२०१५) मात्र कॅथलिक घरातले. १९४५ ते १९४८ ही तीन वर्षे ते मेनूथच्या विद्यापीठात धर्मगुरूपदाची तयारी करीत होते. दीक्षा न घेताच ते बाहेर पडले आणि शिक्षक झाले. ‘फेथ हीलर’चा नायक फ्रँक हार्डी हा गावोगाव हिंडून रोग्यांवर हात ठेवणारा माणूस आहे. कधी गुण येतो, बहुतेकदा येत नाही. वेल्समधील एका गावी एकाच रात्री दहा जण बरे झाले होते, त्या आठवणीवर तो जगतो. ही देणगी आपली की केवळ योगायोग, या प्रश्नाने तो पोखरला गेला आहे.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला किनलॉखबर्वी नावाचे खेडे आहे. तेथे ग्रेसच्या पोटी मृत बालक जन्मले आणि शेतात पुरले गेले. ग्रेस सांगते की फ्रँकने प्रार्थना म्हटली, लाकडी क्रूस करून त्याला पांढरा रंग दिला. त्यांचा सहकारी टेडी सांगतो की प्रसूतीच्या वेळी फ्रँक तोंड फिरवून टेकडीकडे चालता झाला. बाळंतपण, प्रार्थना आणि क्रूस, सारे टेडीलाच करावे लागले. आणि फ्रँक? तो त्या गावाचे नाव घेतो, पण बालकाचा उल्लेखही करीत नाही. ग्रेसला तो आपली पत्नी न म्हणता ठेवलेली बाई म्हणतो, ती मूळची कुठली हेही चुकीचे सांगतो. टेडीच्या बोलण्यातून आपल्याला कळते की ज्या दोघांचे निवेदन आपण ऐकले ती आता जिवंतच नाहीत. फ्रीलने कोणालाही खोटारडे ठरवलेले नाही. ग्रेसला तो क्रूस फ्रँकच्या हातचा असायला हवा होता, एवढेच आपण समजतो. सांगणाऱ्याने काय गाळले, ते का गाळले, हे तोलण्याचे काम आपल्यावर येते.

यानंतरच्या पिढीत हा प्रकार भरभराटीला आला. त्याचे एक साधे कारण पैशाचे होते. एक नट, एक खुर्ची, थोडा प्रकाश. एवढ्यावर प्रयोग उभा राहतो. कॉनर मॅक्फर्सन यांचे ‘सेंट निकोलस’ १९९७ साली लंडनच्या बुश थिएटरात झाले. ते थिएटर तेव्हा एका मद्यगृहाच्या वरच्या मजल्यावरच्या लहानशा जागेत होते. त्याच दशकात आयर्लंडमध्ये काही धर्मगुरूंचे गैरप्रकार उघडकीस येऊन ख्रिस्तसभेवरील विश्वासाला तडे गेले आणि पापनिवेदनासाठी येणारे लोक कमी होत गेले. चर्चमधील जाळीपलीकडचे आसन रिकामे होत असतानाच रंगभूमीवर एकट्याने बोलणारी माणसे वाढली, हा केवळ योगायोग आहे असे मला वाटत नाही.

या मालिकेत कोल्म टोबीन यांच्या ‘टेस्टमेंट’चा उल्लेख टाळता येणार नाही, जरी तो आपल्या वाचकांना बोचेल. २०११ च्या डब्लिन नाट्यमहोत्सवात मरी मलन या अभिनेत्रीने ते सादर केले. न्यूयॉर्कमध्ये २०१३ साली ते झाले तेव्हा काही कॅथलिकांनी थिएटरबाहेर निदर्शने केली. यातली पवित्र मरिया वृद्धापकाळी एफेसस येथे राहते, शुभवर्तमान लिहू पाहणाऱ्यांशी तिचे पटत नाही, आणि क्रूसाजवळून आपण शेवटापूर्वीच पळून गेलो असे ती सांगते. योहानाच्या शुभवर्तमानाशी हे सरळ विसंगत आहे, आणि श्रद्धावंताला ते लागणे स्वाभाविक आहे. निदर्शकांच्या दुःखाला मी क्षुल्लक मानत नाही. पण माझा आक्षेप निराळा आहे. फ्रीलने फ्रँकच्या शब्दाशेजारी ग्रेसचा शब्द ठेवला, ग्रेसच्या शेजारी टेडीचा. टोबीन यांनी मरियेला एकटीच बोलू दिली. वधस्तंभाशी असलेला प्रिय शिष्य किंवा माग्दालिया मरिया यांच्यापैकी कोणी दुसऱ्या प्रवेशात येऊन ‘मी पाहिले ते असे’ म्हणाले असते, तर ऐकणाऱ्याला तोलायला काही उरले असते.